चांद्रवस्तीच्या पाण्यातलं शिसं

पडद्यावरच्या पाणी-तपासणीच्या आलेखात तोच उंचवटा पुन्हा उमटला, आणि हिमगौरीने छातीशी बांधलेल्या तान्ह्या रेवाला नकळत घट्ट धरलं.

"शिसंच आहे, सर."

चांद्रवस्तीचे प्रमुख डॉ. रॉनी डाबरे कपाळाला हात लावून बसले. "बाई गं, तुझा संवेदक चुकत तर नाही ना?"

"नाही. त्याच्या या चकतीवर काजळीहूनही बारीक, शुद्ध कार्बनचे अब्जांश-कण आहेत. वीज दिली की पाण्यातले धातू त्यांना येऊन चिकटतात. मग विद्युतदाब बदलत नेला की एकेक धातू आपापल्या दाबाला सुटतो. शिसं दुसऱ्याच्या जागी सुटत नाही."

"मग आलं कुठून? ज्या बर्फाचं पाणी करतो त्यात नव्हतं, नळांत नाही. आणि इथं तेच पाणी फिरतंय. आजचं आंघोळीचं, उद्याचं प्यायचं." डाबरे थांबले. "कारण सापडलं नाही तर येत्या यानातून सगळे परत."

हिमगौरीचा हात लेकीच्या पाठीवर गेला. रेवा इथंच जन्मलेली. पृथ्वीवरचं वजन तिच्या कोवळ्या हाडांना पेलेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

ती एकेक नळी तपासत निघाली. स्वयंपाकघर, रोपवाटिका, कार्यशाळा... आणि एका न्हाणीच्या सांडपाण्यात उंचवटा पडद्याबाहेर गेला. न्हाणी तिचीच होती.

तिने खाली पाहिलं. रेवाच्या गालावर टपोरी तीट होती.

बारशाला आत्याने पडद्यावरून नाव ठेवलं होतं, आणि मालयानातून जत्रेतल्या काजळाची डबी पाठवली होती. "अख्खी पृथ्वी बघतेय तिला. दृष्ट लागेल गं!" हिमगौरी रोज तीट लावायची, रोज धुवायची. डबीतला कण पाण्यात टाकला, तर चकतीने क्षणात उत्तर दिलं: शिसं. असल्या काजळात कधीकधी शिशाच्या खनिजाची पूड असते.

"मीच, सर," तिने डबी डाबरेंपुढे ठेवली. "माझ्याच बोटाने."

"आणि तुझ्याच चकतीने वेळेत सापडलं," डाबरे म्हणाले. रेवाच्या रक्तात शिशाची जेमतेम खूण होती. तीट बंद, पाणी गाळून घेतलं, की उतरणारी. "यान रिकामं जाऊ दे परत."

संध्याकाळी पडद्यावर आत्या डोळे पुसत होती. "आता काय, बिनतिटीचीच ठेवणार पोरीला?"

हिमगौरीने चकतीसाठीच्या कार्बनची कुपी उघडली आणि रेवाच्या टोपड्यावर ठिपका टेकवला. "वन्सं, शिसं पकडलं ते याच काजळीनं. गालाला नाही, टोपड्याला चालेल ना?"

चंद्रावरून पृथ्वीवर आवाज पोचून परत यायला लागतो, तेवढा वेळ शांतता.

"चालेल," आत्या म्हणाली. "पण जरा मोठी लाव."