धरलेली जागा

गाडी सुरू झाली नाही तेव्हा मला आधी बरंच वाटलं. किल्ली फिरवली, बॉनेटखाली एकदाच टक् झालं आणि समोरचे दिवे मंद होत विझले. रविवारची सकाळ होती, दिवाळी नुकतीच उलटलेली, साईनगरातल्या आमच्या गल्लीत बायका अजून अंगणं झाडत होत्या. शेजारच्या सीटवर माझी मनकर्णा आत्या, मागे बायको पौर्णिमा आणि डिकीत आत्याच्या कपड्यांची पिशवी. डोळे दाखवायला अकोल्याला जाऊ, असं आत्याला सांगितलं होतं. अमरावतीत डोळ्यांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण तिनं विचारलं नाही. आम्ही तिला वृद्धाश्रमात ठेवायला निघालो होतो.

अकोलाच का, तर अमरावतीत माझी ओळख फार. मी आयटीआयमध्ये विजेचं काम शिकवतो, रस्त्यानं जाताना कुणी ना कुणी 'नमस्कार सर' म्हणतंच. त्यांच्यातल्या एकानंही 'सरांनी आत्याला आश्रमात टाकलं' असं म्हणू नये, एवढीच माझी धडपड. आई लवकर गेली तेव्हा स्वतःच्या लग्नाचं नाव न काढता या आत्यानं मला वाढवलं. भातकुलीहून ती मला रोज एसटीनं अमरावतीच्या शाळेत आणायची. बस लागली रे लागली की गर्दीच्या आधी खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकायची. तो उचलून कुणी बसलंच तर त्याची धडगत नसे. "रुमाल पडला म्हंजे मानूस बसला," असं ती कंडक्टरलाही सुनवायची.

अलीकडे तिला लघवीचं भान राहत नव्हतं. दिवाळीत आमचे प्राचार्य फराळाला आले होते. त्यांच्यासमोर ती सोफ्यावरून उठली आणि मागे ओला डाग राहिला. पाणी सांडलं वाटतं, असं म्हणून मी हसलो. मला तिची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही वाटली. पण आश्रमाला फोन केला तो पहिल्या लाजेपायी. आज गाडीच्या सीटवरही पौर्णिमानं प्लास्टिक अंथरलं होतं. आत्यानं ते हातानं चाचपून पाहिलं, पदर सावरला आणि त्याच्यावर बसली.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट निळी पूड फुलून आली होती आणि टर्मिनल मधोमध तडकलं होतं.

"काय झालं रे बाबू?"

"टर्मिनल गेलं, आत्या. आज काही जमत नाही."

"बरं," ती म्हणाली. "मंग मी उतरू का बसू?"

कोपऱ्यावर चंद्रभानचं गॅरेज आहे. हाक मारली असती तर तो हातातलं टाकून आला असता, पण येताच विचारलं असतं, 'कुठं निघाले सर, आत्याबाईले घेऊन?' म्हणून ते काम मी घरीच केलं. नवी टर्मिनलं आणली. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. बॅटरीचे शिशाचे खुंट सोड्याच्या गरम पाण्यानं धुतले आणि पॉलिश पेपरनं घासून लख्ख केले. वायरीची कुजलेली टोकं छाटली, आतल्या तांब्याच्या तारा चमकेपर्यंत सोलल्या, नव्या टर्मिनलमध्ये घालून आवळल्या. टर्मिनलं खुंटांवर दाबून बसवली, नट कसले, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं. मग धरून हलवून पाहिलं. पोरांना मी हेच सांगत आलोय, हातानं हललं तर काम झालंच नाही. ते हललं नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आत्या ओट्यावर बसून सगळं पाहत होती.

आठवडाभर त्याच गाडीनं मी ड्यूटीवर गेलो, काही कुरकुर नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तीच पिशवी, तेच प्लास्टिक, तीच डोळ्यांची थाप. किल्ली फिरवली तर टक्सुद्धा नाही. निगेटिव्ह टर्मिनल खुंटावरून निघून बाजूला पडलं होतं.

बॉनेटचा खटका गाडीच्या आत, गाडीला कुलूप, किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला. घरात माणसं तीन, त्यात पौर्णिमाला तर निघायची घाई. मी आत्याला उतरवून घरात नेलं, तिच्याजवळ बसलो आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. व्हॅसलिनचा वास येतो का, नखात काळं आहे का, हे पाहायला. तिची बोटं सांध्यांत वाकडी झालेली, मूठ पुरती मिटत नव्हती. या हातांना डब्याचं झाकण निघत नाही, हे मला रोज दिसत होतं.

"किती दिसानं हात धरला बाबू तू माहा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी उठलो आणि नळाखाली उगाच हात धूत राहिलो. इतका क्षुद्र मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

तरी खोड जात नाही. त्या दुपारी टर्मिनल पुन्हा कसलं आणि पौर्णिमाच्या लाल नेलपॉलिशनं नटावरून खाली टर्मिनलवर एक रेघ ओढली. नट किंचितही फिरला की रेघ तुटते.

त्याच्या पुढच्या रविवारी टर्मिनल तसंच बाजूला पडलेलं होतं. मी खाली वाकून पाहिलं. रेघ अखंड होती. नट फिरलाच नव्हता, आणि नट फिरल्याशिवाय ते निघणं शक्य नव्हतं. तसंच परत खुंटावर दाबून पाहिलं. बसेना. शेवटी पाना घेऊन नट सैल केला, तेव्हा माझ्या हातून ती रेघ तुटली.

टर्मिनल बसवून मी डावीकडच्या खिडकीशी गेलो.

"आत्या, कोण काढतं हे?"

"मले काय मालूम," ती समोर पाहत म्हणाली. "मी त बसून हाव." मग म्हणाली, "चाल. आता होते सुरू."

गाडी सुरू झाली.

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे. मूर्तिजापूरच्या पुढे आत्यानं मान न वळवता विचारलं, "पौर्णिमा, पिशवीत माही पांढरी शाल टाकली का व?"

मग पौर्णिमा म्हणाली, "टाकली, आत्याबाई."

अकोल्यापर्यंत मी आरशात पाहायचं टाळत होतो, न जाणो पौर्णिमाचे डोळे दिसायचे.

आश्रमाच्या फाटकाशी मी किल्लीला हात घातला तर आत्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "गाडी बंद नको करू बाबू. मंग होनार नाई सुरू."

मी केली नाही. तेवढं निमित्त मला पुरलं. पौर्णिमा तिला धरून आत घेऊन गेली, सह्याही तिनंच केल्या. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. पाया पडायलासुद्धा उतरलो नाही. आत्यानं मागे वळून पाहिलं असतं तर काय केलं असतं, कोण जाणे. तिनं पाहिलं नाही.

पौर्णिमा परत आली आणि मागेच बसली.

"पुढं ये ना."

"नको," ती म्हणाली. "आत्याबाईंचा रुमाल हाये तिथं."

प्लास्टिकवर, बरोबर मधोमध, निळ्या काठाचा रुमाल होता. चौघडी घातलेला. विसरलेला रुमाल असा नसतो.

गाडी हलली आणि टिंग टिंग सुरू झालं. शेजारी माणूस बसला आणि त्यानं पट्टा लावला नसला की वाजतं ते. सीटखालचा सेन्सर बिघडला असेल, मी मोठ्यानं म्हणालो. बोरगाव मंजूला मी गाडी कडेला घेतली, रुमाल उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटक्यात अडकवला. आवाज बंद झाला. पट्टा सीटला चपट टेकून राहिला.

घरी आल्यावर मी आधी बॅटरी काढली. आता लवकर कुठे जायचं नाही, असं पौर्णिमाला म्हणालो. टर्मिनलं सैल केली, बॅटरी उचलून घरात नेली आणि दाराआड पाटावर ठेवली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी आश्रमातून पायलताईंचा फोन आला. आश्रमात आत्याची देखभाल त्यांच्याकडे होती. "सर, आजी बऱ्या आहेत. जेवल्या. पण आल्यापासून बसल्याच नाहीत हो. खुर्ची दिली, पलंग दिला. रातभर भिंतीले टेकून उभ्याच होत्या."

"काय म्हणते?"

"म्हणतात, माही जागा गाडीत धरून हाये."

पौर्णिमाला सांगितलं तर तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "आत्ताच्या आत्ता आणू या त्यांना."

"पाहू," मी म्हणालो. पुन्हा आणलं तर मग नेलं कशाला, हे कुणाकुणाला सांगायचं, याचा विचार मी करत होतो. आत्या तिकडे उभी होती आणि मी हा विचार करत होतो.

पोर्चमध्ये आलो. गाडी कालच्यासारखीच होती.

डावीकडच्या काचेतून आत पाहिलं.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता.

तो पुढे आला होता, ताणलेला, आणि त्याच्या नि सीटच्या मधे माणूस मावेल एवढी जागा होती. प्लास्टिक मधोमध खोल दबलं होतं. रुमाल त्या खळग्यात होता.

"काय सर, आज ड्यूटी नाई का?"

चंद्रभान फाटकाशी उभा होता, हातात दुधाची पिशवी. मी पटकन काचेला पाठ लावून उभा राहिलो.

"रजा आहे."

"आत्याबाई दिसल्या नाई काल ओट्यावर. बऱ्या हायेत ना?"

"घरीच आहे," मी म्हणालो. "झोपली आहे."

"झोपू द्या, झोपू द्या," तो म्हणाला आणि गेला.

मी वळलो. पट्टा हलत होता. अगदी सावकाश, थोडा पुढे, थोडा मागे, दमून झोपलेल्या माणसाच्या छातीवर हलेल तसा.

मी ओरडलो नाही. पौर्णिमालाही हाक मारली नाही. फाटकातून पुन्हा कुणी डोकावेल, एवढंच मनात आलं, आणि ते मनात आलं याची आता मरणाची शरम वाटते. मी गाडीचं कव्हर आणलं. पण ओढताना हात थांबला. आत गुदमरेल. म्हणून उजवीकडून बसलो, तिकडे न पाहता किल्ली लावली, काचेचं बटण दाबलं, मोटर घरघरली आणि डावीकडची काच चार बोटं खाली गेली. उतरून कव्हर ओढलं, दोऱ्या बांधल्या.

घरात आलो. दार लोटलं.

बॅटरी दाराआड पाटावर होती, काल मी ठेवली होती तशी.