गुन्नारच्या लॅपटॉपवरची प्रत

दोष आर्लिन ट्वेटचा. चर्चमधले म्हातारे कॉफी ढवळत ‘देवाची इच्छा’ म्हणतात, ते त्यांना सोयीचं आहे म्हणून. त्या सकाळी देव मिनेसोटात होता असं कोणी पाहिलेलं नाही. आर्लिन होता. लोकरीचे मोजे घालून स्वयंपाकघराच्या दारात, उबेत उभा होता.

मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आत, तळ्यावरून मासेमारीच्या खोपट्या उचलाव्या लागतात. शहाणी माणसं आधीच ओढून आणतात. आर्लिन दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत रेटायचा आणि मग स्वतः न जाता थोरल्या पोराला, गुन्नारला, धाडायचा. गुन्नार दाढीवाला दांडगा गडी, पण बापाने हाक मारली की भरल्या ताटावरून उठायचा. ‘नाही’ हा शब्द त्याला कोणी शिकवलाच नव्हता. त्या सकाळी बर्फ काळा पडला होता, म्हणजे आतून पोकळ झालेला. तरी तो गेला. बसून गेला ती स्नोमोबाईल, खोपटी, खोपटीत सिनेमे बघायला ठेवलेला त्याचा लॅपटॉप, सगळं खाली गेलं. गुन्नार दुसऱ्या दिवशी सापडला. लॅपटॉप सापडलाच नाही.

उन्हाळ्यापर्यंत घरातली गोष्ट बदलली होती. “मी अडवत होतो त्याला,” आर्लिन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “हट्टी पोरगा. ऐकेल तर शपथ.” आणि लोक मान हलवायचे. गुन्नारला हट्टी म्हणताना एकाचीही जीभ अडखळली नाही.

धाकटा सोरेन गप्प राहिला, कारण त्याच्याकडे लिहिलेलं होतं. शाळेपासून तो लॅपटॉपवर डायरी लिहायचा. ते ॲप गुन्नारनेच त्याला घालून दिलं होतं, स्वतःच्या खात्यावर. दोघांच्या यंत्रांवर एकच डायरी उघडायची, तरी गुन्नारने कधी डोकावलं नाही. “बायकी खूळ,” बाप म्हणायचा. सोरेनची रीत अशी की लिहिलं की डोक्यातून काढून टाकायचं. यंत्राला आठवतंय ना, मग आपण कशाला वाहायचं? भाऊ गेला त्या संध्याकाळी बापाचं सकाळचं वाक्य त्याने शब्दन्‌शब्द उतरवलं, झाकण मिटलं, आणि ते पान पुन्हा उघडलं नाही. नंतर कॉलेज सुटलं. तळघरातली खोली आणि डायरी एवढंच उरलं.

वर्ष होत आलं. रविवारी गुन्नारच्या नावाने प्रार्थना होती, मग जेवण, आणि आर्लिन चार शब्द बोलणार होता. सोरेनने ठरवलं होतं, त्याच्या मागोमाग उठायचं आणि ते पान वाचायचं. सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर. पान छापून घ्यावं म्हणून शनिवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन बसला.

तळघराच्या खिडकीवर बर्फाचा ढीग होता. त्यातून निळसर उजेड झिरपत होता. बाहेर तळं कण्हत होतं. बर्फ ताणला की तसा आवाज येतो, लांबून सुरू होतो आणि घराखालून निघून जातो. तिथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही.

त्याने तारीख टाकली. पान उघडलं नाही. पडद्यावर एक चौकट आली: या पानाच्या दोन प्रती आहेत. कोणती ठेवायची?

असं होऊ शकतं, दोन यंत्रांवर एकच पान उघडं राहिलं की. डावीकडे त्याची प्रत होती. चौकटीत पहिली ओळच मावत होती: ‘आज सकाळी डॅड त्याला म्हणाला,’ आणि पुढे तीन टिंबं. उजवीकडे लिहिलं होतं: गुन्नारचा लॅपटॉप. बदल: आत्ता.

सोरेनला आधी वास आला. गळाला लावायच्या छोट्या मासळीची बादली उन्हात राहिली की येतो, तसा. उजवीकडची प्रत कोरी होती. मग तिच्यात अक्षरं उमटायला लागली, हळूहळू. गुन्नार दोनच बोटांनी टाइप करायचा.

‘कोण आहे?’

त्याने डायरीतच लिहिलं, ‘मी. सोरेन.’

मग: ‘डॅड उठला का?’

दोन्ही प्रतींचा फोटो काढावा एवढं एकच त्याला सुचलं, आणि फोन वर चार्जिंगला होता. तो जिना चढला. आर्लिन टेबलाशी उद्याचं भाषण घोकत बसला होता.

“भूत बघितल्यासारखं काय करतोस?”

बोलायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं. “खाली... गुन्नार लिहितोय.”

आर्लिन हसला नाही. त्याने चष्मा उचलला आणि मोज्यांनीच, आवाज न करता, जिना उतरला. सोरेन फोन ओढून मागे धावला तोवर बाप खुर्चीत बसला होता. पडद्यावर नवीन ओळ होती: ‘डॅड उठला का?’ पुन्हा तीच. तिच्याखाली पुन्हा तीच.

“उठलोय,” आर्लिन पडद्याला म्हणाला.

त्याने एक अक्षर टाइप केलं नव्हतं. तरी उत्तर आलं. ‘हो डॅड.’

सोरेनला वाटलं, आता हा म्हातारा मोडेल. माफी मागेल, रडेल, निदान पोराला विचारेल की तू आहेस कुठे, थंडी वाजते का. आर्लिनने घसा खाकरला. खालच्या पट्टीत, फाटक बंद करायला सांगावं तसा, तो बोलला.

“गुन्नार... लिही. तू आपण होऊन गेलास.”

“डॅड, काय करतोयस?”

“तू थांब रे.” त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. “लिही, मी अडवत होतो.”

तळ्याचं कण्हणं घराखाली आलं आणि यावेळी पुढे गेलं नाही, तिथेच राहिलं. अक्षरं उमटत होती. ‘मी आपण होऊन गेलो. डॅड अडवत होता. मी ऐकलं नाही.’ शेवटचं वाक्य बापाने सांगितलंही नव्हतं. गुन्नार तसाच होता, सांगितल्यापेक्षा थोडं जास्त करणारा.

“शाब्बास,” आर्लिन म्हणाला. “आता हीच ठेव. दुसरी काढून टाक.”

सोरेनने बापाच्या खांद्यावरून हात घातला. आपली प्रत उघडायची, फोटो राहू दे, निदान वाचायची, एकदा. बोट पोचायच्या आत डावी बाजू पांढरी झाली. खाली बारीक अक्षरांत आलं: दुसऱ्या यंत्रावरून निवड झाली.

“काय होतं त्यात?” बापाने विचारलं.

“तू काय म्हणालास ते.”

“काय म्हणालो मी?”

सोरेनने तोंड उघडलं. मोजे आठवले, दार आठवलं, कॉफीचा वास आठवला. दारात बापाचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता.

“बघ,” आर्लिन म्हणाला, “तुलाच ठाऊक नाही. उगीच मनात धरून बसतोस.” त्याने पोराच्या पाठीवर थोपटलं आणि पान छापून दे म्हणाला.

रविवारी आर्लिनने ते चर्चमध्ये वाचलं. माझ्या पोराने स्वतः लिहून ठेवलंय, म्हणाला. बायकांनी डोळे पुसले, म्हाताऱ्यांनी त्याचे हात हातात घेतले, आणि कोणाला विचारावंसं वाटलं नाही की बुडालेल्या माणसाने हे लिहिलं कधी.

आर्लिन आता रोज दुपारी तळघरात उतरतो. लॅपटॉपची तार सोरेनने काढून टाकली आहे, बॅटरी केव्हाच संपली, तरी पडदा उजळतो. परवाची ओळ अशी होती: ‘खोपटी किनाऱ्यापर्यंत ओढून आणली, डॅड. आता कुठे ठेवू?’ बापाने चष्मा नाकावर सारला. मग म्हणाला, “घराच्या मागे.”

बापाचं त्या सकाळचं वाक्य सोरेनला आजही आठवत नाही. आणि ते आता कुठेच लिहिलेलं नाही.