दत्तोबांचे खिळे

बसा रे पोरांनो, लाईट यायला वेळ आहे. निरंजनचं सांगतो. आपल्या चऱ्होलीच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान होतं, तोच. माझ्या ओट्यावर बसून त्यानं स्वतः सांगितलंय.

मूळचे ते कोकणातले. त्याचा पणजा दत्तोबा खाडीकाठच्या गावात दुकानदार होता. गावात लाकडी गलबतं बांधायचे. सुतारांना तेल, दोर, खिळे दत्तोबाच पुरवायचा. एकदा त्यानं मोडक्या गलबताचे गंजके खिळे ठोकून सरळ केले आणि नव्यात मिसळून विकले. ते गलबत पहिल्याच फेरीला फुटलं. सुताराचा मुलगा त्यातच बुडाला. मग तो सुतार रोज दिवेलागणीला दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. बोलायचा नाही. एक दिवस त्यानंही खाडीत जीव दिला. दत्तोबा कुटुंब घेऊन घाट चढला. मरताना बजावून गेला, माझं नाव विचारत कुणी आलं तर ओळख देऊ नका.

गेल्या कार्तिकातली अमावस्या. दुकान बंद करून निरंजन घरी पोचला, तर बायको दिपाली म्हणाली, आईच्या गोळ्या दुकानातच राहिल्या. गेला परत. शटर अर्धं वर केलं, पिशवी घेतली, वळला.

पायरीवर एक म्हातारा उभा. खिळे मागत होता.

शेजारच्या साइटवरचा वॉचमन असेल, असं निरंजनला वाटलं. उद्या या म्हणाला. म्हातारा हलला नाही. कोकणी हेलात त्यानं विचारलं,

"दत्तोबा हायत?"

तेवढ्यात रस्त्यावरून कंपनीची बस गेली. दिव्यांचा झोत सरळ दुकानात आला... मधे कुणी नसल्यासारखा.

खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"ते वारले. मी पणतू."

म्हातारा म्हणाला,

"मंग दुकान तुमचंच."

निरंजननं नव्या खिळ्यांचा बंद बॉक्स पुढे धरला. बॉक्स कुणी घेतला नाही.

"येतो."

पायरी रिकामी.

सकाळी दुकानाच्या चारी भिंतींवर पांढरी रेघ होती. घोट्याच्या उंचीवर, पाणी चढून ओसरल्यासारखी सरळ. बोट लावून चाखली. मीठ. माल मात्र सगळा कोरडा. पुसली, रंग दिला... परत आली. संक्रांतीला गुडघ्याशी. शिमग्याला छातीशी. त्यानं दुकान सोडलं, चाकणला कंपनीत लागला.

राहतात चौथ्या मजल्यावर. परवा दिपालीनं झाडायला म्हणून आईची खाट सरकवली.

मागच्या भिंतीवर... घोट्याशी... पांढरी रेघ.