माझ्या हाकेला ओ देऊ नका

हे घडलेले आहे. रचलेले नाही.

गोष्टी रचून लोकांना घाबरवण्याचे माझे वय नाही आणि तो माझा स्वभावही नाही. तुमच्या या पानावर लोक काय काय लिहितात, ते माझ्या नातीने मला वाचून दाखवले आहे. त्यातल्या निम्म्या गोष्टी मला थापा वाटल्या. माझे लिखाण ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल पुढे जावे. पण ज्यांच्या घरी हॅम रेडिओचा सेट आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावे. ही विनंती नाही.

माझे नाव सत्यभामा. छत्रपती संभाजीनगरात, गारखेडा भागात आमचे दुमजली घर आहे. शेती फुलंब्रीला. मागच्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, दिवेलागणीला, त्या घराच्या गच्चीवर जे झाले ते मी सांगते आहे.

माझे यजमान हौशी रेडिओवाले होते. सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतलेले. वॉकीटॉकीसारखा, हातात मावणारा एक सेट कायम त्यांच्याजवळ असे. जिल्ह्यातले असे सगळे परवानाधारक रोज संध्याकाळी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमत. त्याला ते 'नेट' म्हणत. एक जण हजेरी घेई, बाकीचे आपापले संकेतनाम सांगून बोलत. संकेतनाम सांगितल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हा त्यांच्यातला पहिला नियम. मला तो पसंत होता. आपण कोण ते आधी सांगावे, मग बोलावे.

त्या सेटवर बोटभर लांबीचा रबरी अँटेना होता. यजमानांनी त्याच्या बुडाशी काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली होती, कुणाला तो फिरवून काढता येऊ नये म्हणून. एवढ्याशा अँटेनाने दूरचे काय ऐकू येणार, असे कुणी विचारले की ते म्हणत, "दूरचं ऐकायचंच नाही मला."

हे ते हसत म्हणत नसत.

काही वर्षांपूर्वी ते याच गच्चीवर वारले. पाण्याच्या टाकीला टेकून बसलेले सापडले. सेट हातात होता. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला आणि मी तो मान्य केला.

फक्त एक गोष्ट मला खटकली होती...

अँटेनावरची चिकटपट्टी अर्धी सोडवलेली होती.

मी ती पुन्हा गुंडाळली आणि सेट कपाटात ठेवला.

सायली ही माझ्या मुलाची, विश्वजीतची मुलगी. अभियांत्रिकीला आहे. आजोबांची हौस तिच्यात उतरली. तिने परीक्षा दिली, परवाना मिळवला आणि आजोबांचा सेट मागितला. मी दिला. अट एकच घातली, ती चिकटपट्टी काढायची नाही.

आता नेटवर हजेरी घेतात ते पिशोरचे धम्मपाल सर. शाळेत शिकवतात. माझ्या यजमानांनीच त्यांना रेडिओ शिकवला. पिशोरपर्यंत सायलीचा आवाज धड पोहोचत नसे. सर रोज म्हणत, "बेटा, तू हायेस एवढं कळतं. बोलतीस काय, ते काय कळत नाय. अँटेना बदल की जरा."

तिने बदलला.

एके दिवशी पाहते तो सेटवर हातभर लांबीचा, चाबकासारखा लवचिक नवा अँटेना. शिवाय त्याच्या बुडाशी एक वायर बांधून खाली सोडलेली. त्या शेपटीने म्हणे आवाज आणखी दूर जातो.

"जुना कुठे आहे?" मी विचारले.

"ड्रॉवरमध्ये आहे, आजी."

"आणि पट्टी?"

"कापावी लागली. पार वाळून गेलीवती ती."

"मी काय सांगितलं होतं?"

विश्वजीत मध्ये पडला. "आई, लई मनावर घेतीस तू. नुसती तार हाय ती. कावळा बी बसायचा नाय तिच्यावर."

"तुझ्या वडिलांनी गुंडाळली होती ती पट्टी."

"आण्णांना दोन दोऱ्या दिल्या तर ते मोटारसायकल पण बांधून ठेवायचे. सवय होती त्यांची."

त्याला हसू आवरेना. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

त्या संध्याकाळी नेटवर धम्मपाल सरांचा आवाज शेजारच्या खोलीत बसल्यासारखा आला. सगळ्यांनी सायलीचे कौतुक केले. नेट संपले. एकेकाने निरोप घेतला. सेटमधून नुसती खरखर येऊ लागली.

आणि त्या खरखरीत... कुणीतरी घसा खाकरला.

दोनदा हलके, मग एकदा जोरात.

माझे यजमान बोलण्याआधी तसेच खाकरत.

मी सायलीकडे पाहिले. तिने सेट बंद केला. "कुणाचं तरी बोलायचं बटण दाबलेलं राहिलं असेल, आजी," ती म्हणाली. मीही तेच म्हणाले.

पण त्यानंतर सायली रोज नेट संपले तरी गच्चीवरून खाली येईना. जेवायला दोनदा हाक मारावी लागे. जेवताना ती वर बघत राही, छताकडे. विचारले की म्हणे, "रेंज बघत होते." डोळ्यांत मात्र वेगळेच काही असे. जत्रेतून परतलेल्या मुलीसारखे.

मग तो गुरुवार आला. महालक्ष्मीची मांडणी झाली होती, नैवेद्य शिजत होता. धम्मपाल सरांचा फोन आला.

"माई, रागावू नका. सायली नेट संपल्यावर कुणाशी बोलती?"

"कुणाशी म्हणजे? तुमच्यापैकीच कुणाशी तरी."

"नाय माई. आमच्यातलं कुणीच नसतं. मला निस्तं तिचंच बोलणं ऐकू येतं. बोलती, मग थांबती... जसं समोरचा काही सांगतोय. मग 'हो' म्हणती. मी लई कान देऊन ऐकलं. समोर कुणीच नाय."

"काय बोलते ती?"

"आत्ताच म्हणाली, 'हो आजोबा, टाकीवर चढते.'"

मी फोन तसाच टाकला.

माझे गुडघे जिना चढण्याजोगे राहिलेले नाहीत. त्या दिवशी ते चढले. गच्चीचे दार उघडे होते. खाली गल्लीत मुले खेळत होती, कुणाच्या तरी घरी आरती चालली होती. वर मात्र आवाज असा कसलाच नव्हता. जणू कुणी गच्चीवर झाकण ठेवले होते.

सायली टाकीच्या लोखंडी शिडीवर होती. एका हातात सेट. तो लांब अँटेना आभाळाकडे आणि ती शेपटीची वायर खाली लोंबकळत असलेली... हलत होती. वारा नव्हता.

सेटमधून आवाज आला.

"अजून थोडं वर, बाळा. नीट ऐकू येत नाही."

तो माझ्या यजमानांचा आवाज होता. तीच शब्दांच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची ढब. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकायला मिळाला, आणि खरे सांगते, मला तो हवासा वाटला.

सायलीने पुढच्या पायरीवर पाय ठेवला. त्या टाकीच्या पलीकडे कठडा नाही. सरळ खाली रस्ता आहे.

"सायली, खाली ये," मी म्हणाले.

तिने मान वळवली. मला ओळखायला तिला वेळ लागला.

आणि सेट बोलला, "सत्यभामा... तिला येऊ दे."

मी भानावर आले ती त्या क्षणी.

माझ्या यजमानांनी माझे नाव एकदाच घेतले होते, लग्नात घास भरवताना, सगळ्यांनी अडवून धरले म्हणून, उखाण्यात. त्यानंतर जन्मभर मी 'विश्वजीतची आई' होते. आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांचे नाव घेत नसत. आजारपणात नाही, भांडणात नाही. शेवटच्या दिवशी गच्चीवर जाताना ते मला म्हणाले होते, "विश्वजीतची आई, चहा झाकून ठेव."

सेटमध्ये जे होते, त्याला हे ठाऊक नव्हते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिडीपाशी गेले, सायलीचा पाय धरला, तिला खाली ओढले आणि तिच्या हातातला सेट हिसकावला. परवाना नसताना ते बटण दाबणे गुन्हा आहे हे मला माहीत होते. मी दाबले.

"कोण रे तू? या घरात नाव सांगितल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. माझ्या माणसाचा आवाज पांघरून माझ्या नातीला बोलावतोस? त्यांना तूच नेलंस का? ऐक. सायलीला हाक मारायचा हक्क या घरात माझा आहे. मी 'सायली, इकडे ये' म्हटलं की ती हातातलं टाकून येते. माझ्या हाकेला या घरात कुणी नाही म्हणत नाही. तुझा शब्द पुन्हा ऐकू आला, तर तुझी ही तार मी चुलीत घालीन."

बटण सोडले.

खरखर.

मग... अगदी हळू, कुणीतरी पुटपुटू लागले. शब्द कळत नव्हते. तेच ते पुन्हा पुन्हा. मूल पाढे पाठ करते तसे.

मी नवा अँटेना फिरवून काढला, तेव्हा कुठे ते थांबले.

सायली रात्रभर माझ्याजवळ होती. तिला एवढेच आठवत होते की आजोबा रोज बोलवत आणि तिला जावेसे वाटे. अँटेनाचे मी तुकडे केले. जुना बसवला, त्यावर नवी चिकटपट्टी गुंडाळली, बॅटरी काढली आणि सेट माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला. टाकीची शिडी कापून काढायला लावली. विश्वजीत या वेळी हसला नाही. शेजारणींनी शांती सुचवली, बाबा सुचवले, लिंबू सुचवले. मी सगळ्यांना दाराबाहेर काढले. मला वाटले, मी जिंकले.

पौष संपता संपता धम्मपाल सरांचा फोन आला.

"माई, तुम्ही आत्ता नेटवर आलात का?"

"सेट कपाटात आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे."

"मला वाटलंच. मागल्या वेळी मला समोरचं काहीच ऐकू येत नव्हतं. आता येतंय. सगळ्यांनाच येतंय. तुमचा आवाज आहे, माई. संकेतनाम सांगत नाय, कुणाला उत्तर देत नाय. निस्तं म्हणतंय..."

"काय म्हणतंय?"

"सायली, इकडे ये."

मला तेव्हा कळले की त्या गुरुवारी सेटमधले ते काय पाठ करत होते. मीच त्याला पाठ घालून दिला होता.

पुढच्याच आठवड्यात, मी स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना सायली माझ्यासमोरून जिन्याकडे निघाली आणि वर बघून म्हणाली, "आलेच, आजी."

मी तिच्या हाताला धरून तिला थांबवले. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग जिन्याकडे.

घरात सेट बंद होता. त्याला आता सेटची गरज राहिलेली नाही.

त्या दिवसापासून मी घरात कुणालाही हाक मारत नाही. फुलंब्रीच्या बांधावर उभी राहून मी एक हाक दिली की चार शेतांपलीकडची माणसे काम टाकून येत. तीच मी आज माझ्या घरात चहा हवा असला तर उठून चालत जाते आणि माणसासमोर उभी राहते. घरच्यांना सांगून ठेवले आहे, मी दिसत नसताना माझा आवाज आला तर तो माझा नाही. तुमच्यापैकी कुणाच्या सेटवर एखादी म्हातारी नाव न सांगता हाका मारताना ऐकू आली, तर ओ देऊ नका. ती मी नाही. आणि तिच्यावर चुकूनही ओरडू नका.

आत्ता दिवेलागण झाली आहे. मी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले आहे. रोज बसते. सायली तिच्या खोलीत आहे आणि कडी मी बाहेरून लावली आहे.

वरून हाक येते आहे.

"सायली... ये गं, बाळा."

आवाज माझाच आहे. खोट काढायला जागा नाही. पण मी तिला आयुष्यात कधी इतक्या मायेने हाक मारलेली नाही.

आणि आत, दारामागे... ती उठून उभी राहिल्याचा आवाज मला आत्ता आला.