हेमराजसारखी माणसं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवत बसायचं नाही.

आणि रात्रीची तर मुळीच नाही. अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत घडलेली आहे. मागच्या डिसेंबरात, सिहोऱ्याजवळच्या एका राइस मिलमध्ये.

मी टीना. त्या मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. मालक वीरेंद्रभाऊ.

आणि हेमराज मशीनवर होता. कधी उशीर नाही, कधी सुट्टी नाही. कोणत्याही कामाला नाही म्हणायचा नाही. बोलणं तर इतकं कमी, की चहा हवा असला तरी नुसता कप पुढे करायचा.

त्या वर्षीच्या मे महिन्यात धानाच्या मोठ्या टाकीत धान अडकलं. जेवणाच्या सुट्टीत हेमराज ते मोकळं करायला एकटाच आत उतरला.

धान सरकलं... आणि तो त्यात गाडला गेला.

आतून त्यानं पत्र्यावर ठोकलं असणार. बोटांची सालं निघाली होती. पण बाहेर मोबाइलवर गाणी लागली होती, डबे उघडले होते, सगळे खिदळत होते.

कुणालाच ऐकू गेलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास वीरेंद्रभाऊंनी माणसं निवडणारं एआय घेतलं. ते उमेदवाराला फोन करायचं, बाईच्या गोड आवाजात प्रश्न विचारायचं आणि कोणाला घ्यायचं ते सांगायचं. ते बसवायला नागपूरहून आलेल्या माणसानं विचारलं, "तुमचा सगळ्यात चांगला कामगार कोण? त्याचं जे असेल ते यात टाकू. मशीन तशीच माणसं शोधेल."

वीरेंद्रभाऊ क्षणभरही थांबले नाहीत. "हेमराज. त्याचे फोन, कॅमेऱ्यातलं, सगळं टाका. मले हेमराजसारखीच मानसं पाह्यजेत."

सगळं म्हणजे त्या दिवसाचंही.

दारात सोमाजी उभे होते. मिलमधले सगळ्यात जुने हमाल. ते म्हणाले, "मेलेल्याले जेवाले बोलावतेत, भाऊ. कामावर कोनी बोलावते काय?"

वीरेंद्रभाऊ हसले. खरं सांगते, मीही हसले.

दिवाळीनंतर नवी माणसं यायला लागली. एक आसगावचा, एक लाखांदूरची, एक तिकडचा कुठला. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सगळी वेळेवर येणारी, मान खाली घालून काम करणारी. वीरेंद्रभाऊ खूश.

पण जेवणाची सुट्टी झाली की...

सगळी डबे घेऊन टाकीकडे तोंड करून बसायची. कुणी कुणाशी बोलायचं नाही. घाससुद्धा आवाज न करता चावायची.

आमच्या मिलमध्ये दुपारी इतका गोंधळ असायचा, की वीरेंद्रभाऊ खिडकीतून ओरडायचे. दंडारीच्या नाटकातली सोंगं काय, सोमाजींच्या वाघाच्या थापा काय. ते सगळं बंद पडलं. जुन्यांपैकी कुणी गाणं लावलं, की नवी माणसं काही न बोलता त्याच्याकडे बघत राहायची. तो बंद करेपर्यंत.

महिन्याभरात अर्धे जुने सोडून गेले. "अंगावर काटा येते, टीनाबाई," एवढंच म्हणाले.

माझी धाकटी बहीण कामिनी. बीकॉम झालेली आणि तोंडाचा पट्टा चालू असलेली. नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं बाबांनी तिला बजावलं होतं. म्हणून तिनं आमच्याच मिलमध्ये अर्ज केला.

पहिल्यांदा मशीननं तिला नाकारलं. शेरा होता, 'जास्त बोलते.' आम्ही घरात तिला यावरून आठवडाभर चिडवलं.

दुसऱ्यांदा तिची निवड झाली. तीही सगळ्यात वरच्या गुणांनी.

मला नवल वाटलं. मी तिच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. मशीननं विचारलं, "कामात अडचण आली तर तुम्ही काय कराल?"

मग शांतता.

लांबलचक शांतता... आणि त्यात कुठून तरी दुरून...

ठक.

...ठक.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. "तुमचं उत्तर आवडलं."

मी घरी जाऊन कामिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी त बक्कळ बोलली ना, ताई! पंधरा मिनिटं बोलून राहिली होती. काहून?"

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्यांची रेकॉर्डिंगं ऐकली. सगळ्यांचं तेच. तोच प्रश्न, तीच शांतता... तेच ठोके.

मी तिला म्हटलं, नको जाऊ. ती ऐकते कुठे? लग्न टळलं म्हणून घरभर नाचत होती.

पहिले दोन दिवस ती मिलमध्ये बडबडली. तिसऱ्या दिवशी कमी. आठवड्याभरानं दुपारी मी खिडकीतून पाहिलं, तर कामिनी त्यांच्यात जाऊन बसली होती. टाकीकडे तोंड करून. घरी आली तरी गप्प. आई म्हणाली, "बरं झालं, पोरीले वळण लागलं."

मला आईचा इतका राग आला, की मी जेवले नाही.

आणि मग तो दिवस.

सकाळी टाकीत धान पुन्हा अडकलं. वीरेंद्रभाऊंची सक्त ताकीद होती, आत कुणी उतरायचं नाही. मशीन बंद करून माणसं जेवायला बसली. ऊन चांगलं होतं. वारासुद्धा पडलेला.

मी ऑफिसात होते...

ठक.

हे रेकॉर्डिंग नव्हतं.

ठक... ठक...

टाकीतून आवाज येत होता. धानानं भरलेल्या टाकीतून.

बाहेर सगळी एकदम उठली. डबे तसेच उघडे. शिडीकडे निघाली ती कामिनी. बाकीच्यांनी बाजूला सरून तिला वाट करून दिली.

मी धावले. ती अर्ध्या शिडीवर होती तेव्हा मी तिचा पाय धरला.

"कामिनी, उतर! उतर खाली!"

तिनं वाकून माझ्याकडे पाहिलं. चेहरा अगदी शांत. "ताई, अंदर कोनी आहे. तुले आयकू नाही येऊन राहिलं काय?"

येत होतं. मला स्पष्ट येत होतं. तेच तर सांगवत नव्हतं. मी फक्त पाय घट्ट धरून ठेवला आणि रडायला लागले.

सोमाजी पळत आले. त्यांनी टाकीच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, "हेमराज! पोरीले सोड रे बापा. आमी आयकलं. आता आयकलं आमी."

ठोके थांबले.

संध्याकाळपर्यंत अख्खी टाकी रिकामी केली. आत धानाशिवाय काही नव्हतं.

मी त्याच दिवशी दोघींचा हिशोब मागितला. वीरेंद्रभाऊ म्हणाले, "काम दीडपट होऊन राहिलं, टीना. तू आवाजाचं काय घेऊन बसली?" ते माणसं निवडणारं मशीन अजून चालू आहे. सोमाजी पण सोडून गेले, तेवढं ऐकलं.

वाटलं होतं, घरी राहिली की कामिनी पहिल्यासारखी होईल.

पाच महिने झाले. ती पहाटे उठते, अंगण झाडते, सांगाल ते काम करते. बाबांनी लग्नाचं पुन्हा काढलं, तर नुसती मान हलवली. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय. देवऋषी वेगळंच सांगतो. मला कुणाचंच पटत नाही. मला फक्त माझी बहीण परत हवी आहे.

परवा दुपारी दारात एक बाई आली. "मी रुखमिणी. हेमराजची बायको," म्हणाली. सोमाजींकडून तिला सगळं कळलं होतं. आमच्या घरी ती याआधी कधी आली नव्हती. मीही तिला पहिल्यांदाच बघत होते.

कामिनीनं तिला पाणी दिलं. मग कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलली.

"घरावरचे कवेलू फेरले का या साली? पावसाळा येऊन राहिला."

रुखमिणीच्या हातातला गिलास पडला.

ती उंबरठ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले.

"बाई... दर साली तेच फेरत होते कवेलू. एक दिवस इले माझ्या घरी पाठवता का? एकच दिवस. मंग मी आनून देतो तुमची तुमाले."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं.

कामिनी चप्पल घालून उभी होती.