मागे घेशील ना?

नवस मी पुष्कळ बोलले आणि सगळे फेडले. तुझ्या नवऱ्याच्या परीक्षेसाठी तर वर्षभर अनवाणी चालले, आणि साहेब काठावर पास झाले! एकच नवस फिटायचा राहिलाय, सूनबाई, आणि तो या खोलीशी बांधलेला आहे. म्हणून म्हणते, तो स्क्रूड्रायव्हर जरा खाली ठेव. माऊस काढून पिशवीत घातलास, असू दे. बाकीच्या वायरींना हात लावू नकोस. सिनेमा चालतोय तसा चालू दे. हा दिवा इथे ठेवते. बस. नाही गं, त्या खुर्चीत नको, ती यांची. इथे, माझ्या पायाशी बस.

उद्या नवा टीव्ही येणार, डिस्कची भानगडच नको, असं तुझा नवरा म्हणतो. बरोबरच असेल त्याचं. पण हा कॉम्प्युटर भंगारात जायच्या आधी तुला सांगायलाच हवं.

तुझे सासरे तू पाहिले नाहीस. एक्स-रे काढण्यात जन्म गेला त्यांचा. अंधाऱ्या खोलीत चारचौघांचा डोळा लागतो, यांचा उघडायचा. निवृत्त झाले आणि ही मागची खोली त्यांनी सिनेमाघर केली. खिडकीला काळा कपडा, भिंतीवर पडदा, कोपऱ्यांत स्पीकर, आणि डिस्क लावायला हा जुना कॉम्प्युटर. "अहो, चांगला प्लेअर आणा की," म्हटलं, तर म्हणाले, "अगं, प्लेअर नखरेल असतात. जरा ओरखडा दिसला की रुसतात. हा बिचारा देशील ते वाचतो." त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला कपाटात बसवला, खाली माझी जुनी गोधडी घातली. मी त्याला डबा म्हणायचे. डबा तापला की धुळीचा वास सुटायचा, आणि त्यात यांच्या गुडघ्याला चोळलेलं निलगिरीचं तेल. सिनेमाचा वास म्हणजे मला तोच.

आता आमचा नियम ऐक. सांज झाली की देवाजवळ दिवा लावायला मी उठणारच. आणि मध्येच सिनेमा थांबवणं यांना खपायचं नाही. "थांबवला की जीव जातो त्यातला," म्हणायचे. म्हणून ठरलं, उठणाऱ्याने खुशाल उठावं, बसलेल्याने त्याच्यासाठी मागे घ्यावं. मी दिवा लावून आले की हे माऊस हलवायचे आणि मी उठले होते नेमक्या त्या जागेवर सिनेमा आणून ठेवायचे. डावरे होते. माऊस कायम खुर्चीच्या डाव्या हातावर.

त्या दिवशी मात्र हे उठले. हाच सिनेमा होता. तो म्हातारा घड्याळजी मनोऱ्याचा जिना चढायला लागतो ना, तिथे.

"तू बघ गं. पाणी पिऊन येतो. मागे घेशील ना?"

"घेईन हो. जा."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला…

दवाखान्याच्या बाकावर मी नवस बोलले. 'देवा, यांना घरी आण. उरलेला सिनेमा मी यांच्याशेजारी बसूनच बघेन, त्याआधी शेवट बघणार नाही.' हे आले नाहीत. शेजारीण म्हणाली, देवाने तुझं ऐकलं नाही. मी म्हटलं, देवाच्या मागे घाई लावू नये.

किती दिवस ही खोली बंद होती. मग एके दिवशी उन्हं कलल्यावर धूळ पुसायला आले, तेव्हा वाटलं, कबूल केलेलं तेवढं तरी करावं. डबा लावला. डिस्क आतच होती. आम्ही दवाखान्यात धावलो तेव्हा रिकाम्या घरात सिनेमा एकटाच चालून संपला असणार. मी तो मागे घेतला, त्या जिन्यापर्यंत. म्हटलं, "या. घेतलाय मागे." आणि माऊस यांच्या खुर्चीवर ठेवून माझ्या जागी बसले.

थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली. कोणी सावकाश टेकावं तशी… आणि निलगिरीचा वास आला.

मी मान वळवली नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्या आत कुठेतरी बरंही वाटत होतं.

सांज झाली तशी नेमाप्रमाणे उठले. देवाजवळ वात लावत होते. इथून घड्याळजीच्या पावलांचा आवाज येत होता. मग एकदम शांत. मग कपाटातून डबा गुरगुरला… आत आले, तर सिनेमा मी उठले होते त्याच पायरीवर होता.

तेव्हापासून रोज हेच. मी उठते, हे मागे घेतात. शेवट यायच्या आत मी डबा बंद करते, म्हणून सिनेमा संपत नाही, नवस फिटत नाही. तुझ्या नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, "आई, डिस्कवर ओरखडा आहे, तिथून उडी मारते." म्हटलं, "हो का रे? मी लवकर उठले की ओरखडाही लवकर येतो?" तो हसला. तू हसली नाहीस, म्हणून तुला सांगतेय.

अगं, बोलून बोलून घसा सुकला. जरा पाणी आणतेस?

…आलीस? दे. बस आता.

अशी पडद्याकडे काय बघतेस?

"आई… मी उठले तेव्हा तो जिन्यात होता, पाणी घेताना वरची घंटा वाजलेली ऐकली. आता पुन्हा त्याच पायरीवर… तुम्ही मागे घेतलंत?"

मी जागची हललेसुद्धा नाही. आणि माऊस तर तूच तार गुंडाळून पिशवीत ठेवलास.

घाबरू नकोस, बाळ. ते परक्यासाठी मागे घेत नाहीत. पाहुणे आले, उठले, गेले, सिनेमा पुढे चालत राहिला. आज त्यांनी तुला घरातलं धरलं.

पिशवीत हात घाल. माऊसला हात लाव. कोमट आहे ना?

आता नवऱ्याला सांग, नवा टीव्ही बाहेरच्या खोलीत लाव म्हणावं. आणि माझ्यासारखा तूही एक नवस बोल, आत्ता, या दिव्यासमोर. एक दिवस मीही या खुर्चीतून उठून जाईन. तेव्हा माझ्यासाठी तेवढं मागे घे… आणि मान वळवून बघू नकोस.