संताचा घोट

निमिया ओकाम्पोसचा आकड्यांवर जेवढा विश्वास होता तेवढा नवऱ्यावरही नव्हता, आणि हे ती नवऱ्यासमोरच हसत सांगायची.

पारागुआरीच्या रस्त्यावर, इसाती गावाच्या तोंडाशी एक बंद पेट्रोल पंप होता. जमिनीखालच्या त्याच्या टाक्या गंजून फुटल्या होत्या. टाक्या उकरून नेल्या, पण मुरलेलं पेट्रोल खालीच राहिलं. ते कुठवर पोचलंय हे कळावं म्हणून सिमेंटच्या अंगणात ठिकठिकाणी अरुंद बोअर मारले होते. निमिया सरकारी कार्यालयाकडून मधूनमधून येऊन त्यांतलं पाणी तपासायची. सोबत एउसेबियो असायचा. तो गाडी चालवायचा, उपसायचा पंप उचलायचा आणि वाटेत घेतलेले गरम चिपापाव गाव येण्याआधीच फस्त करायचा.

पंपाच्या छपराखाली दोन्या सुनिल्दांचा, म्हणजे सुनिल्दाबाईंचा, तेरेरेचा ठेला होता. पुदिना आणि मुळ्या खलबत्त्यात ठेचून त्या गार पाण्यात टाकायच्या, ते पाणी शिंगाच्या पेल्यातल्या येर्बाच्या पाल्यावर ओतायचं, आणि धातूच्या नळीने ओढून प्यायचं. कुंपणापलीकडच्या त्यांच्या विहिरीच्या पाण्यासाठी एकेकाळी ट्रकवाले रांग लावायचे. विहिरीला सरकारी सील लागलं, टँकरचं पाणी आलं आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करू लागलं. आज पाणी स्वच्छ निघालं तर सील निघणार होतं. नाही तर विहीर दगडमाती टाकून कायमची बुजवायची, असं कार्यालयाने ठरवून टाकलं होतं.

"काय आणलंस आज, पोरी? किल्ली की फावडं?" दोन्या सुनिल्दांनी विचारलं.

"आधी मोजू तर द्या, दोन्या."

"मोज की. माझं वय सोडून काय हवं ते मोज."

निमियाने छपराखालच्या, कुंपणालगतच्या बोअरपाशी मोजफीत काढली. फितीचं स्टीलचं टोक पेट्रोलला लागलं की सलग शिट्टी वाजते, पाण्याला लागलं की तुटक टिकटिक. पहिल्या वर्षी इथे पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. पुढे दर खेपेला थर पातळ होत गेला. निमियाला आनंद व्हायचा, पण पटायचं नाही. पेट्रोल असं हरवत नाही. ते पसरतं, शेजारच्या बोअरमध्ये वर येतं. इथे ते नुसतं कमी होत होतं, पाहुण्याच्या ताटातला भात कमी व्हावा तसं.

आज तिने कुलूप काढून झाकण उघडलं आणि पुदिन्याचा वास आला. दोरीला बांधून सोडलेल्या नळकांड्यात पाण्याबरोबर एक हिरवं पान वर आलं.

"दोन्या, ह्यात कोणी काय ओतलंय?"

दोन्या सुनिल्दा खलबत्त्यात नको तेवढं लक्ष घालू लागल्या. "मी. संताचं."

पहिला घोट सान्तो तोमासचा, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. तो मातीत ओततात.

"मातीत, दोन्या! बोअरमध्ये नाही."

"सगळीकडे तुमचं सिमेंट. माती दिसली ती ह्या एवढ्याच भोकात."

"म्हणून सरकारी कुलूप उघडलंत?"

"कुलूप सरकारी, केसाची पिन माझी. आणि तो पितो हं. कधी थेंब राहिला नाही."

एउसेबियो खो खो हसला. "संतांना पेट्रोलमिश्रित आवडायला लागलं म्हणायचं."

निमियाला हसू आलं. पण भेसळीच्या पाण्यावर तिने सही करणं शक्य नव्हतं. एकच उपाय होता. बोअर पूर्ण उपसायचा आणि खालून ताजं पाणी आलं की नमुना घ्यायचा. एउसेबियोने उपसायचा पंप लावला. पाणी आलं, निवळलं, मग नळी कोरडी फुरफुरली. त्याने पंप बाहेर काढून मांडीवर घेतला.

निमियाने फीत सोडली. टिकटिक झाली आणि थांबली.

तिने फीत आणखी सोडली. टिकटिक. पुन्हा शांत.

पंप बंद होता, तरी पाणी खाली जात होतं. सलग नाही. थांबून थांबून.

मग आतून आवाज आला. पेला संपल्यावर नळी वारा ओढते, तशी लांब सुर्र.

"पंपात हवा शिरली असेल," एउसेबियो म्हणाला, आणि त्याची नजर मांडीवरच्या बंद पंपावर गेली.

निमियाने फीत वर ओढून टोक मुठीत धरलं. ते गार असायला हवं होतं. कोमट होतं. दुसऱ्याच्या ओठातून नळी आपल्या हाती येते, तेवढंच कोमट.

ऊन, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की ती छपराखाली उभी आहे.

थोड्या वेळाने पाणी पुन्हा चढलं, नितळ आणि थंडगार. तिने बाटल्या भरल्या आणि नवं कुलूप लावलं. प्रयोगशाळेत पेट्रोलचा मागमूस सापडला नाही. तिने दुसरीकडेही तपासून घेतलं, तेच उत्तर. पेट्रोल गेलं कुठे, हे कोणी विचारलं नाही. निमियाने सही केली. कितीतरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सील काढलं त्या सकाळी अर्धं गाव विहिरीभोवती जमलं होतं. दोन्या सुनिल्दांनी बादली सोडली. ती काठोकाठ भरून वर आली. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन त्यांनी डोळे मिटले, आणि गालांवरून धारा लागल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "माझंच आहे."

त्यांनी घाईघाईने पेला भरला आणि निमियाच्या हातात कोंबला. "आज पहिला घोट तुझा, पोरी. संत थांबतील जरा." सगळे हसले. निमियानेही हसत नळी ओठांना लावली. खरंच गोड पाणी होतं.

दुसरी बादली एउसेबियोने सोडली. ती भरल्याचं दोरीला कळलं, त्याच्या दंडाला कळलं. अर्ध्या वाटेवर दोर एकदम हलका झाला.

"भोक पडलंय वाटतं," कोणीतरी म्हणालं.

एउसेबियोने बादली उजेडात धरून फिरवली. कुठेही भोक नव्हतं. आतून ती कोरडी होती, पुसून घेतल्यासारखी. काठावर मात्र एका जागी, ओठ टेकतात तेवढीच, ओल होती.